न घेतलेल्या तोफांची किंमत

चोपडा तालुक्यातील एखाद्या केळी-बागायतदाराला पंपाच्या खरेदीत दलालाने फसविले, तर तो त्या दलालाचे तोंड पुन्हा पाहणार नाही. परंतु त्या रागापायी तीस वर्षे पंपच घ्यावयाचा नाही, असे काही तो ठरविणार नाही. दलालाचा निवाडा होईपर्यंत बाग थांबत नाही. तापीकाठच्या शेतकऱ्याला उमजणारे हे साधे अर्थशास्त्र दिल्लीतील राज्यकर्त्यांना तोफांच्या बाबतीत मात्र उमजले नाही.

२४ मार्च १९८६ रोजी भारताने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी १५५ मिलिमीटरच्या ४१० तोफांचा सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा करार केला. एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश नभोवाणीने या व्यवहारात लाच दिली गेल्याचे वृत्त दिले आणि सुमारे ६४ कोटींच्या दलालीचा आरोप देशभर गाजला. चौकशी व्हावयासच हवी होती. जनतेच्या पैशाचा हिशेब मागणे हा लोकशाहीचा धर्मच होय. परंतु चौकशी दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळली आणि तिची छाया प्रत्येक नव्या प्रस्तावावर पडली. करारान्वये हाती आलेले तोफेचे आराखडेही धूळ खात पडले.

१९९९ मध्ये द्रास-कारगिलच्या शिखरांवर चढणाऱ्या जवानांची वाट याच तोफांनी मोकळी केली. त्या युद्धासाठी घाईघाईने मागविलेली बहुतेक सामग्री मात्र युद्ध थांबल्यानंतर पोहोचली, असा ठपका महालेखापरीक्षकांनी ठेवला. तहान लागल्यावर विहीर खणणे ते हेच. तोफखान्याच्या आधुनिकीकरणाची योजना त्याच वर्षी आखली गेली. परंतु पुढचा मोठा करार, १४५ अमेरिकी तोफांचा, होण्यास नोव्हेंबर २०१६ उजाडले. मधल्या काळात निविदा निघाल्या, रद्द झाल्या, कंपन्या काळ्या यादीत गेल्या.

याचे मूळ कार्यालयीन व्यवहार जाणणाऱ्यास सहज कळेल. निर्णय घेणाऱ्याची चौकशी होते. न घेणाऱ्याची होत नाही. दलालीचा आकडा वृत्तपत्रांत छापून येतो. दिरंगाईचा आकडा कोणत्याच खतावणीत चढत नाही. तो सीमेवरचा सैनिक भरतो.

अलीकडे चित्र पालटले आहे. त्याच जुन्या आराखड्यांच्या आधारे जबलपूरला घडलेली ‘धनुष’ तोफ २०१९ मध्ये सैन्यास मिळाली. मार्च २०२५ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी विकसित केलेल्या ३०७ तोफा व त्या ओढणारी वाहने यांसाठी भारत फोर्ज आणि टाटा यांच्या कंपन्यांशी सुमारे ६,९०० कोटींचे करार झाले. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला चाचणीच्या वेळी याच तोफेची नळी फुटली होती. दोष शोधण्यात गेलेला काळ ही दिरंगाई नव्हे. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यात जातो, तो काळ म्हणजे दिरंगाई.

म्हणून शुचिता आणि तत्परता यांत निवड करावयाची नाही. दोषी व्यक्तीस शासन व्हावे, पण गरजेची खरेदी थांबू नये. मागणीही एकदाच देऊन भागत नाही. भुसावळ-वरणगावच्या आयुधनिर्माणींचा शेजार असलेल्या खानदेशास हे सांगावयास नको, की काम थांबले म्हणजे यंत्राआधी कारागिराचा हात गंजतो. प्रत्येक मोठ्या खरेदीचे वेळापत्रक संसदेपुढे ठेवावे आणि ते चुकल्यास कारण विचारावे. खर्चाचा हिशेब मागणाऱ्या नागरिकाने यापुढे विलंबाचाही हिशेब मागितला पाहिजे.