भूल : औषध जुने, राखण नवी

अमरावतीचे इर्विन असो वा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, घरातल्या कुणाचे ऑपरेशन ठरले की सर्जन कोण, याची चार ठिकाणी चौकशी होते. भूल कोण देणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. भूल म्हणजे एक औषध, ते टोचले किंवा हुंगवले की माणूस झोपतो आणि खरे काम त्यानंतर सुरू होते, असे आपण धरून चालतो. भूलशास्त्राचा सुरुवातीचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. गुंगी आणणारे पदार्थ माणसाच्या हाती फार आधीपासून होते. शस्त्रक्रिया सुरक्षित होऊ लागली ती मात्रा मोजणारा आणि श्वासावर नजर ठेवणारा माणूस रुग्णाच्या उशाशी उभा राहिला तेव्हा.

गैरसमज १ : प्राचीन भारतात वेदनारहित शस्त्रक्रिया होत असत.

सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रुग्णाला खाऊ घालावे आणि मद्य घेणाऱ्याला तीव्र मद्य पाजावे, असा सल्ला आहे. पण मुतखडा काढताना रुग्णाला बलवान माणसाने धरून ठेवावे, असेही तोच ग्रंथ सांगतो. मद्याने वेदना बोथट होत असे, थांबत नसे. राजा भोजाला गुंगीचे चूर्ण देऊन कवटीवर शस्त्रक्रिया केल्याची कथा पुरावा म्हणून सांगितली जाते. भोज अकराव्या शतकातला. ही कथा ज्या ‘भोजप्रबंधा’त येते तो बल्लाळाचा ग्रंथ त्यानंतर काही शतकांनी रचलेला आख्यायिकांचा संग्रह आहे. याउलट डोळ्यांनी पाहिलेली नोंद पुण्याची आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला १७९३च्या सुमारास पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक करून दिले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये त्याचे वर्णन छापून आले. मेणाचा साचा, कपाळावर आखलेली रेघ, भुवयांच्या मध्ये न तोडता राखलेली त्वचेची पट्टी, काथाचा लेप, चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड, असा सगळा तपशील त्यात आहे. गुंगीच्या औषधाचा उल्लेख मात्र नाही. हे मान्य केल्याने आपल्या परंपरेला उणेपणा येतो का? मुळीच नाही. त्या कारागिराचे कौशल्य पाहून युरोपातले सर्जन शिकले. त्याच्या हातातली कला खरी आहे. तिला न घडलेल्या गोष्टीची जोड देण्याची गरज नाही.

गैरसमज २ : भुलीचा शोध एका माणसाने एका दिवशी लावला.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर दिले आणि जॉन वॉरन यांनी रुग्णाच्या मानेवरची गाठ काढली. तो दिवस मोठा खराच. पण हम्फ्री डेव्ही यांनी नायट्रस ऑक्साइड शस्त्रक्रियेत उपयोगी पडेल असे १८०० सालीच लिहून ठेवले होते. जपानच्या हानाओका सेइशू यांनी १८०४ मध्ये धोतरा आणि बचनाग असलेला काढा पाजून स्तनाची गाठ काढली. अमेरिकेत क्रॉफर्ड लाँग यांनी १८४२ मध्ये ईथर वापरले, पण ते प्रसिद्ध केले १८४९ मध्ये. मग मान मॉर्टनलाच का मिळाला? निव्वळ नशिबाने, असे कुणी म्हणेल. माझ्या मते कारण अधिक खोल आहे. धोतरा आपल्या वऱ्हाडात बांधावर, उकिरड्यावर उगवतो. त्याच्या बियांनी माणूस बरळतो आणि जास्त झाल्या तर मरतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पोटात गेलेला काढा परत काढता येत नाही. ईथरची वाफ मात्र श्वासागणिक वाढवता येते, कमी करता येते, थांबवता येते. भुलीची मात्रा प्रथमच देणाऱ्याच्या ताब्यात आली आणि तेही सर्वांसमोर, पडताळून पाहता येईल अशा रीतीने. म्हणूनच मार्च १८४७ मध्ये, पाच-सहा महिन्यांतच, कलकत्त्यात ईथर वापरले गेले.

गैरसमज ३ : क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावला की माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.

हे फक्त सिनेमात घडते. प्रत्यक्षात माणूस पूर्ण बेशुद्ध व्हायला काही मिनिटे लागतात आणि त्यानंतरही जबडा उचलून धरून श्वासाची वाट मोकळी ठेवावी लागते. जेम्स सिम्प्सन यांनी नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरात क्लोरोफॉर्म प्रचारात आणले. त्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, २८ जानेवारी १८४८ रोजी, हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना दगावली. दुखणे किरकोळ होते, भूल किरकोळ नव्हती. लंडनच्या जॉन स्नो यांनी यातून धडा घेतला: हवेत वाफेचे प्रमाण किती, हे मोजून देणारी उपकरणे त्यांनी तयार केली.

गैरसमज ४ : हा सगळा इतिहास परदेशातला आहे.

क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो की हृदय, हा त्या काळातला जगभरचा वाद होता. तो सोडवण्यासाठी निजाम महबूब अली खान यांच्या मदतीने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. दुसऱ्यासाठी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठवले. सूत्रधार होते रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी. १८५३ च्या तहापासून वऱ्हाडचा कारभार याच हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटकडे होता आणि अमरावती, अकोला कागदोपत्री निजामाचाच मुलूख होते. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांनंतर कमिशनने सांगितले की श्वास आधी थांबतो, म्हणून नजर श्वासावरच ठेवा. लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी पुढे जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक ठरल्या.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कमिशनचा निष्कर्ष अपुरा होता. भूल हलकी असतानाही क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी बंद पडू शकते, हे ए. जी. लेव्ही यांनी १९११ मध्ये प्रयोगाने दाखवले. मग हैदराबादचे कौतुक कशासाठी? निष्कर्ष चुकला तरी रीत योग्य होती: प्रयोग करा, नोंदी ठेवा, छापा, म्हणजे पुढचा माणूस तुमची चूक दाखवू शकेल. श्वासावर अखंड लक्ष ठेवण्याचा सल्ला आजही खरा आहे. त्याला नाडी, रक्तदाब आणि रक्तातल्या ऑक्सिजनच्या मोजणीची जोड मिळाली, इतकेच.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला आले की त्यांचे प्रश्न औपचारिकता म्हणून उरकू नका. सुश्रुतकाळी खाऊ घालत. आज सहा तास घन आहार बंद ठेवतात, कारण बेशुद्धीत पोटातले अन्न फुफ्फुसात गेले तर जीव जाऊ शकतो. नातेवाइकांनी दयेपोटी दिलेले चहा-पोहे, लपवलेला खर्रा, न सांगितलेली दारू, मागच्या ऑपरेशनला झालेला त्रास, हे सगळे मात्रा ठरवणाऱ्याला कळलेच पाहिजे. मोजणाऱ्याला खरे सांगितले तरच मोजमाप बरोबर येते. आणि सर्जनचे नाव विचारतो त्याच हक्काने, भूल कोण देणार आणि शेवटपर्यंत कोण थांबणार, हेही विचारा.