सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी, जोहरच्या नमाजनंतर आम्ही आठ-दहा जणी मोहल्ल्यातल्या शाळेच्या एका वर्गात जमतो. बाकं भिंतीला सरकवतो, टेकू असलेल्या खुर्च्या मांडतो आणि कोपऱ्यात एक गादी अंथरतो. येणाऱ्यांपैकी कुणाला फार वेळ बसवत नाही, कुणाला उभं राहवत नाही. कुणाला संधिवात आहे, कुणाची कंबर गेली आहे, कुणाची अपघातानंतरची कळ अजून थांबलेली नाही. आम्ही डॉक्टर नाही. सोबत करणाऱ्या आहोत, एवढंच.

सुरुवातीला आमच्याकडूनही चूक व्हायची. कुणी दुखणं सांगू लागलं की आम्ही लगेच म्हणायचो, "सब्र करा, अल्लाह शिफा देईल." कुणी तेल सुचवायची, कुणी हकीमाचा पत्ता द्यायची. एकदा एक खाला म्हणाल्या, "बेटी, सात वर्षं सब्रच करतेय. तू फक्त ऐकून घे." आम्ही गप्प झालो.

घरी जाताना आठवलं, सब्रसाठी ज्यांचं नाव घेतलं जातं त्या हजरत अय्यूब (अ.) यांनीही आपली पीडा रबसमोर बोलून दाखवली होती. मग आमच्या घरातल्या माणसाने दुखतंय म्हटलं, तर ते बेसब्रीचं कसं?

तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या वेदनेला डॉक्टर दीर्घकालीन वेदना म्हणतात. अशा वेळी एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल असू शकतात, तरी वेदना खरीच असते. पण रिपोर्ट पाहून घरचे म्हणतात, "काही नाही, कामाचा कंटाळा आहे." आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकींना दुखण्याइतकंच हे बोलणं लागलेलं असतं.

एक भाभी खुर्चीवर नमाज पढतात म्हणून नात्यातल्या बायका टोमणे मारायच्या. उभं राहणं जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर पडून नमाज पढावी, ही सवलत प्रेषित मुहम्मद (स.) यांनीच दिली आहे. बैठकीत हे कळल्यावर भाभींचे डोळे भरून आले.

आता आमचे नियम साधे आहेत. सांगणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. औषध सुचवायचं नाही. वेदनाशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पायात अचानक बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला, तर बैठकीची वाट न पाहता दवाखाना गाठायला सांगायचं. आणि बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर एकदम धुऊन काढू नका, काम थोडं-थोडं वाटून करा, हे एकमेकींना आठवण करून द्यायचं.

गंभीर आजारांच्या बाबतीत केरळने हा रस्ता आधीच दाखवला आहे. 1993 साली कोझिकोडमध्ये वेदनाशमनाचं काम सुरू झालं. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत साधी माणसं प्रशिक्षण घेऊन शेजारच्या रुग्णांकडे जाऊ लागली.

त्या खालांची कंबर अजून दुखते. पण आता नवी कुणी दारात घुटमळली की त्याच आधी हाक मारतात, "ये, बस. कुठे दुखतंय ते सांग."

बीमारपुर्सीला फळं जरूर न्या. सोबत अर्धा तासही न्या.