मातीचा प्राणी : थडग्यातला, घरातला आणि देव्हाऱ्यातला

मृत व्यक्तीसोबत वस्तू पुरण्याची प्रथा अनेक प्राचीन संस्कृतींत आढळते. मृत्यूनंतरही माणसाला अन्न, वाहन व सोबत लागते, ही श्रद्धा तिच्यामागे असते. चीनमध्ये शांग राजवटीत रथांसह खरे घोडे पुरले जात. पुढे हान काळात (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) भाजलेल्या मातीच्या प्राण्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. सम्राट जिंगदी (मृत्यू इ.स.पू. १४१) याच्या समाधीभोवतीच्या खड्ड्यांत मातीची डुकरे, मेंढ्या, कुत्री व गुरे रांगेने मांडलेली सापडली. परलोकातील गोठा भरलेला राहावा, हा त्यामागील हेतू.

महाराष्ट्रातील चित्र वेगळे आहे. विदर्भातील माहुरझरीच्या महापाषाणीय दफनांत घोड्याची प्रतिमा नव्हे, तर प्रत्यक्ष घोड्याचे अवशेष व तांब्याचे अश्वालंकार मिळाले. याउलट, पुणे जिल्ह्यातील इनामगाव या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत मातीचा बैल मिळाला; पण तो दफनात नव्हता. तो घराच्या जमिनीखाली, शिरोहीन स्त्रीमूर्तीसोबत होता. मूर्तीच्या पोटाला व बैलाच्या पाठीला छिद्रे असल्याने काडीच्या आधारे ती बैलावर बसवता येई. त्यामुळे अभ्यासक या बैलाचा संबंध पूजाविधीशी जोडतात.

आता आपल्या परिसराचा विचार करा. ओझरसारख्या गावात ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, अशी कुटुंबे पोळ्याला मातीचे बैल पूजतात. माती तीच, आकारही जवळपास तोच. परंतु थडग्यात तो प्राणी मृताची संपत्ती ठरतो, घराच्या जमिनीखाली देवतेचे वाहन आणि देव्हाऱ्यात कष्टाविषयीची कृतज्ञता. म्हणजेच वस्तूचा अर्थ केवळ तिच्या रूपात नसतो. ती कोठे, कोणत्या थरात व कशासोबत मिळाली, यावर तो ठरतो.

याच कारणाने उत्खननात प्रत्येक थराची नोंद ठेवली जाते. सांकलिया व देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक येथे केलेले उत्खनन याच पद्धतीचे होते. गावोगावच्या पांढरीची माती शेतासाठी खणून नेली जाते, तेव्हा एखादा मातीचा बैल हाती लागतोही. पण जागेची नोंद नसेल, तर तो खेळणे होता, नवस होता की मृताची सोबत, हे पुन्हा कधीच सांगता येत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ‘वस्तूइतकेच तिचे प्राप्तिस्थान महत्त्वाचे असते.’ हे विधान वरील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.