जुनी जीन्स द्या, कूपन घ्या!

कपाट उघडा आणि प्रामाणिकपणे मोजा. गेल्या वर्षभरात एकदाही अंगावर न चढलेले कपडे किती निघतात? टाकून देववत नाहीत, धाकट्या भावंडांना आवडत नाहीत. ऑनलाइन विकायचे म्हटलं तर फोटो काढा, मेसेजना उत्तरं द्या आणि 'लास्ट प्राइस बोलो'ने डोकं फिरवून घ्या. आपला हाच कंटाळा मोठ्या फॅशन ब्रँड्सनी बरोबर हेरलाय.

अमेरिकेतला पॅटागोनिया 'वोर्न वेअर' या नावाने स्वतःचेच वापरलेले कपडे परत घेतो आणि पुन्हा विकतो. २०११च्या ब्लॅक फ्रायडेला 'हे जॅकेट विकत घेऊ नका' अशी पानभर जाहिरात देणारा हाच तो ब्रँड! आयलीन फिशर दर जुन्या कपड्यामागे ५ डॉलरचं क्रेडिट देतो. लिव्हाइसने २०२०मध्ये 'सेकंडहँड' सुरू केलं, तर झाराने २०२२मध्ये ब्रिटनमध्ये 'प्री-ओन्ड'.

पण लोक ब्रँडकडूनच जुने कपडे का घेतात? पहिलं कारण म्हणजे भरवसा. माल ओरिजिनल आहे, कुणीतरी तपासलाय, साइज नेमकी कुठली हे माहीत असतं. दुसरं अर्थातच पैसे. नव्याच्या भावात न परवडणारं जॅकेट जुन्याच्या भावात बजेटमध्ये बसतं. तिसरं कारण स्टाइल. बंद झालेलं एखादं डिझाइन मिळालं, की कॉलेजात तसं दुसऱ्या कुणाकडे नसणार. आणि देणाऱ्याच्या बाजूने बघाल तर ना घासाघीस, ना फोटो. कपडे द्या, क्रेडिट घ्या, विषय संपला.

शिवाय मनाला बरं वाटतं, तेही उगाच नाही. लिव्हाइसच्याच अभ्यासानुसार एका ५०१ जीन्सच्या आयुष्यात ३,७८१ लिटर पाणी लागतं. त्यातलं ६८ टक्के कापूस पिकवण्यातच जातं. त्यामुळे जुनी जीन्स नव्या जीन्सची जागा घेत असेल, तर ती बचत खरीच.

मेख त्या 'जागा घेत असेल तर'मध्ये आहे. आपल्या आई-आजीला हा व्यवहार नवा नाही. दारात बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर तासभर घासाघीस व्हायची आणि शेवटी स्टीलचं पातेलं घरात यायचं. फरक एवढाच, की ते पातेलं घेतलं म्हणून कुणी नवी साडी आणायला धावत नव्हतं. ब्रँडचं क्रेडिट मात्र त्याच ब्रँडकडे खर्च करावं लागतं. म्हणजे ५०० रुपयांचं कूपन संपवायला तुम्ही २,००० रुपयांचा शर्ट घेणार असाल, तर कपाट रिकामं कुठे झालं? उलट जुनं गेल्याचं समाधान घेऊन नवं घ्यायला आपण मोकळे! ब्रँडला जुना मालही मिळाला आणि गिऱ्हाईकही परत आलं.

म्हणून ही सोय वाईट आहे असं नाही, फक्त ती डोळे उघडे ठेवून वापरा. देण्याआधी विचारा : हा कपडा विकला जाणार, दान होणार की त्याच्या चिंध्या होणार? क्रेडिट मिळालंच, तर आधी जुन्याच मालात शोधा. आणि पेमेंट करण्याआधी एक प्रश्न स्वतःला : कूपन नसतं, तर हे घेतलं असतं का?

उत्तर 'नाही' असेल, तर सरळ कार्ट रिकामी करा. त्याहून मोठा डिस्काउंट कुठलाच ब्रँड देत नाही.