एंजिन ठोकळ्यातील बुचे

मोटारगाडीच्या एंजिनाच्या सिलिंडर ठोकळ्यातील जलकोशाची व वंगणमार्गांची उघडी तोंडे बंद करणारे धातूचे लहान भाग. जलकोशाच्या बुचाला गॅरेजमध्ये ‘वेल्च प्लग’ किंवा ‘डमी’ म्हणतात. हे भाग अल्पमोली असले, तरी पुनर्बांधणीत त्यांची हयगय झाल्यास संपूर्ण एंजिन निकामी होऊ शकते.

ठोकळा बिडाचा किंवा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा असतो. कोल्हापूर येथील ओतशाळांतून असे ओतकाम होते. सिलिंडरांभोवती पाण्यासाठी पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. गाभ्याच्या आधारांमुळे राहिलेल्या भोकांतून नंतर वाळू काढून घेतात व ती भोके बुचांनी बंद करतात. तेलाचे मार्ग वेधून केलेले असतात. त्यांची टोके आटे असलेल्या किंवा दाबून बसविलेल्या बुचांनी बंद करतात.

पाणी गोठताना सु. ९ टक्के प्रसरण पावते. अशा वेळी बूच निसटून ठोकळा वाचावा, हाच त्याचा हेतू असल्याचा समज थंड प्रदेशांत रूढ आहे. परंतु बुचाचे खरे कारण ओतकामात आहे. धरणगाव, जळगाव, धुळे या खानदेशातील भागात उन्हाळी तापमान ४०° से.च्या वर जाते. तेथे बुचाचा शत्रू बर्फ नसून गंज होय. गंजरोधकयुक्त शीतकाऐवजी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे कठीण पाणी वापरल्यास जलकोशात क्षारांचा थर साचतो आणि पोलादी बूच आतून झिजते. बाहेरून ते शाबूत दिसते. गळती लक्षात येईपर्यंत पाणी कमी होऊन एंजिन तापते व सिलिंडर शीर्ष वाकण्याचा धोका उद्भवतो. म्हणून पुनर्बांधणीत सर्व बुचे बदलणे इष्ट असते. पितळी व अगंज पोलादाची बुचे गंजास अधिक दाद देत नाहीत.

बसविण्याची रीत : जुने बूच एका कडेवर ठोकून तिरपे करतात व पकडीने ओढून काढतात; ते जलकोशात पडू देत नाहीत. भोकातील गंज व जुना लेप काढताना पृष्ठावर चरा पडू नये. पेल्याच्या आकाराचे बूच भोकापेक्षा किंचित मोठे असते. कडेला रोधक लेपाचा पातळ थर देऊन, उघडी बाजू बाहेर ठेवून, योग्य मापाच्या ठोकणीने ते सरळ आत बसवितात. तबकडीच्या आकाराच्या बुचाची फुगीर बाजू बाहेर ठेवून मध्यभागी ठोकतात. त्यामुळे ते सपाट होऊन कडेकडे पसरते व घट्ट बसते.

तेलमार्गाची बुचे काढल्याशिवाय आतील धातूचा कीस निघत नाही. मार्ग ब्रशाने घासून, धुऊन व हवेने फुंकून काढल्यावर आट्यांना मोजकाच रोधक लावतात. जादा लेप किंवा रोधक फितीचे तुकडे आत गेल्यास तेलाचा मार्ग तुंबतो. एंजिनाच्या आत उघडणारे एखादे बूच ढिले राहिल्यास तेल बाहेर न सांडता आतच निसटते, दाब उतरतो आणि धारवे जळतात.

प्रचक्राच्या मागील बुचापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरपेटी उतरवावी लागते. म्हणून जुळणीपूर्वी ठोकळ्याची दाबचाचणी घेणे हिताचे ठरते.