दवडली जाणारी उष्णता

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात वर्षातील बहुतेक महिने घरे यंत्राने गार ठेवावी लागतात आणि अनेक घरांच्या परसात पोहण्याचा तलाव असतो. तेथील एक विसंगती मोठी बोलकी आहे. एक यंत्र वीज खाऊन घरातील उष्णता बाहेर टाकते. काही हातांवर दुसरे यंत्र वीज किंवा गॅस खर्चून तलावाचे पाणी तापविते. एकच कुटुंब एका दाराने उष्णता फेकते आणि दुसऱ्या दाराने ती विकत घेते.

या दोहोंची सांगड घालणारी जोडणी तेथे उपलब्ध आहे. वातानुकूलन यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतील उष्णता उचलून बाहेर नेते. ती हवेत न सोडता तलावाच्या पाण्याला द्यावयाची, एवढेच. तीन टनी यंत्र तासाला सुमारे साडेदहा युनिट उष्णता घरातून काढते. त्याने खाल्लेली तीन-साडेतीन युनिट वीज मिळविली की सुमारे १४ युनिट बाहेर पडतात. पन्नास हजार लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास ५८ युनिट लागतात. म्हणजे चार तासांत, वाटेतील गळती सोडल्यास, तलाव जवळजवळ एक अंशाने तापतो.

मग अडचण कोठे? ती वेळेची आहे. भर उन्हाळ्यात यंत्र सर्वाधिक उष्णता टाकते, तेव्हा तलाव उन्हानेच तापलेला असतो; हिवाळ्यात तलाव गारठतो, तेव्हा यंत्र बहुधा बंद असते. खरा लाभ मधल्या महिन्यांपुरताच. क्लोरीनच्या पाण्यात टिकणाऱ्या टायटॅनियमच्या नळ्या महाग पडतात आणि गुंतविलेल्या पैशावर व्याज चढते. उलट, तलावाची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनाने जाते आणि ते एका साध्या आच्छादनाने रोखता येते. तात्पर्य, फुकटची उष्णता फुकट नसते. टाकाऊ वस्तूला मोल येते ते त्याच वेळी, त्याच जागी तिचा गरजू असेल तरच.

ही कसोटी आपल्याकडे लावली, तर परसातील तलाव बाजूला पडतात. परंतु रुग्णालये, हॉटेले आणि दूध-शीतकरण केंद्रे येथे गारवा आणि गरम पाणी दोन्ही बारमाही लागतात. दूध गार करताना निघालेल्या उष्णतेवर कॅन आणि टाक्या धुण्याचे पाणी तापू शकते. तेथे ही सांगड न घालणे ही निव्वळ उधळपट्टी होय.

केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या शीतकरण कृती आराखड्यात, देशाची गारव्याची मागणी २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होईल, असा अंदाज आहे. एवढी यंत्रे आपली उष्णता रस्त्यावरच ओतणार असतील, तर तिचा ताप ज्याच्या घरी साधा पंखाच आहे त्याला सोसावा लागेल. गारवा एकाचा आणि झळ दुसऱ्याची, हा हिशेब कोणत्याही वीजबिलात दिसत नाही. म्हणूनच मोठ्या इमारतींचे आराखडे मंजूर करताना तो मांडला गेला पाहिजे.