बळीची कथा आणि स्टुअर्ट हॉल यांची तीन वाचने

ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला मीडिया स्टडीज हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांना स्टुअर्ट हॉल यांचा ग्रहणसिद्धांत अभ्यासावा लागतो. तो समजावून देण्यासाठी लागणारे उदाहरण मराठी घरांत पूर्वीपासूनच आहे.

हॉल यांचा जन्म १९३२ साली जमैकात झाला. १९५१ मध्ये ते शिक्षणासाठी ऑक्सफर्डला आले व पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातील समकालीन संस्कृती अभ्यास केंद्राचे संचालक झाले. दूरचित्रवाणीविषयीच्या १९७३ मधील निबंधात त्यांनी असे मांडले की, निर्मात्याच्या मनातील अर्थ प्रेक्षकापर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही. निर्माता संदेशात अर्थ गुंफतो आणि प्रेक्षक आपल्या सामाजिक स्थानावरून तो उलगडतो. या उलगडण्याचे तीन प्रकार त्यांनी सांगितले: प्रस्थापित वाचन, तडजोडीचे वाचन आणि विरोधी वाचन.

आता बळीची कथा घेऊ. वामनाने तीन पावले भूमी मागितली, बळीला पाताळात धाडले आणि देवांचे राज्य परत मिळवून दिले. हा पुराणोक्त अर्थ तसाच स्वीकारणे म्हणजे प्रस्थापित वाचन. वामनाला विष्णूचा अवतार मानावे, पण बलिप्रतिपदेला बळीचे राज्य येवो अशी प्रार्थनाही करावी, हे तडजोडीचे वाचन. मराठी घरांत ते सहज नांदते. विरोधी वाचन जोतीराव फुले यांनी केले. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त बळी हा न्यायी लोकराजा आहे, तर वामन हा आक्रमकांचा म्होरक्या. हॉल यांच्या निबंधापूर्वी शंभर वर्षे हे घडले.

विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो. विरोधी वाचन म्हणजे कथा न समजणे नव्हे, किंवा ती न आवडणेही नव्हे. असा वाचक अभिप्रेत अर्थ पुरता जाणतो आणि जाणूनबुजून तो वेगळ्या चौकटीत मांडतो. फुले यांना पुराणकथा ठाऊक होती. त्यांची चौकट जातिव्यवस्थेने लादलेल्या दास्याची होती. म्हणून उत्तर लिहिताना केवळ मतभेद नोंदवून भागत नाही; आपली चौकट कोणती आणि ती कोणाच्या अनुभवातून आली, हेही सांगावे लागते.

दिवाळीत मुलाने 'बळीचे काय चुकले?' असे विचारले, तर पालकांनी तो उद्धटपणा समजू नये. आधी मूळ कथा नीट सांगावी, मग फुले यांचे वाचन सांगावे, आणि त्याचे स्वतःचे वाचन कोणते, हे त्यालाच विचारावे.